भात्यापासून वेल्डिंगपर्यंत: शेतावरच्या वर्कशॉपचा नकाशा कोण ठरवतं?

मंडळी, या विकेंडचा विषय जरा आडवळणाचा आहे. शेतावरचं वर्कशॉप. म्हणजे ट्रॅक्टरची अवजारं, पेरणीयंत्र, फवारणी पंप, पाण्याची मोटार असलं सगळं खोलायची-जोडायची जागा, आणि त्या जागेत काय कुठे ठेवायचं याचा नकाशा.

विषय डोक्यात यायचं कारण साधं आहे. काटोलकडे आमच्या मोठेबाबांच्या शेतावर २० बाय ४० फुटांची शेड उभी राहते आहे. घरात एक जण इंजिनियर असला की प्रिंटर बिघडण्यापासून शेडच्या नकाशापर्यंत सगळं त्याच्याकडेच येतं, मग तो आयुष्यभर कीबोर्ड बडवत का असेना :) नेटवर शोधलं तर अमेरिकेतल्या फार्म शॉपचे एकाहून एक नकाशे मिळतात. मिळणारच. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिथे विद्यापीठांतून शेतीविस्ताराचं काम उभं राहिलं. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांमध्ये शेतीचं व्यवसायशिक्षण आलं, त्यात शेतावरची दुरुस्तीकामंही शिकवली जायची. म्हणजे शंभर वर्षं ते लोक हेच कागदावर काढताहेत. पण तो नकाशा बर्फात गाडलेल्या, शेकडो एकरांच्या शेतासाठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि शेत दहा-पंधरा एकर.

म्हणून मी उलटा निघालो. आपल्याकडे अवजारं दुरुस्त करायची जागा आधी कशी होती, आणि ती तशीच का होती? शोधता शोधता एक गोष्ट लक्षात आली ती अशी: वर्कशॉपच्या आतला नकाशा मालक ठरवत नाही आणि इंजिनियर तर नाहीच नाही. जोर कुठून येतो, म्हणजे हात, बैल, इंजिन की वीज, तो नकाशा ठरवतो. आणि गेल्या दीडशे वर्षांत हा जोर देणारा तीन-चारदा बदलला.

सुरुवात गावापासून करू.

आमच्या विदर्भात बऱ्याच गावांत सुताराला वाढी आणि लोहाराला खाती म्हणतात. तिफण, वखर, डवरा यांचं लाकूडकाम वाढ्याकडे. वखराची पास पाजवणं, नांगराच्या फाळाला टोक काढणं, विळे-कुऱ्हाडींना पाणी देणं खात्याकडे. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) ज्यांनी वाचलंय त्यांना बलुतेदारी माहीतच आहे. पण आपल्या भागाचा एक नेमका आकडा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात सापडतो. हा ग्रंथ १९१६ साली चार खंडांत निघाला. त्यात वर्धा जिल्ह्यातल्या लोहाराला चार बैलांच्या एका नांगरामागे, म्हणजे साधारण ४० एकरांमागे, वर्षाला ५० पौंड धान्य मिळे असं दिलंय. म्हणजे बावीस-तेवीस किलो. लोखंड आणि कोळसा मात्र शेतकऱ्याने आणून द्यायचा, आणि नवीन अवजार करायचं तर कधी कधी त्याचे पैसे वेगळे.

आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. हा चक्क एएमसी आहे! लेबर कॉन्ट्रॅक्टमध्ये, स्पेअर पार्ट गिऱ्हाइकाचे. ४० एकरांचा मेंटेनन्स वर्षाला अर्ध्या पोत्याहूनही कमी धान्यात.

आता या माणसाच्या कामाच्या जागेकडे इंजिनियरच्या नजरेने बघा. जमिनीत एक छोटी भट्टी. तिच्या एका बाजूला भाता, तो ओढायला बहुतेक घरातलंच कोणीतरी. भट्टीपासून हातभर अंतरावर लाकडाच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण. बाजूला पाण्याची कुंडी. सांडशी, छिन्न्या, हातोडे बसल्या जागी हाताला येतील असे. समोर घण मारणाऱ्याला उभं राहायला आणि घण फिरवायला मोकळी जागा. वर छप्पर, आत अंधारच.

यातलं काहीच उगाच नाही. लोखंड भट्टीतून निघालं की लगेच निवायला लागतं, म्हणून भट्टी ते ऐरण हे अंतर पावलात नाही, हातात मोजायचं. अंधार एवढ्यासाठी की तापलेल्या लोखंडाचं तापमान बघायला त्याच्याकडे रंग सोडून दुसरं काहीच नव्हतं. लाल, केशरी, पिवळं. भर उन्हात हे रंग दिसत नाहीत. सगळा जोर माणसाच्या खांद्यातून येणार, म्हणून सगळी जागा माणसाच्या हाताच्या मापाची.

पण एक काम या छपराखाली मावतच नसे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणं. त्यासाठी बाहेर मोकळ्या जागेत गोवऱ्या गोल रचून त्यात अख्खी धाव लालबुंद तापवायची, तीन-चार जणांनी सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसून चाक घट्ट आवळतं. म्हणजे लोहारसाळेच्या नकाशात अंगण हा 'उरलेला भाग' नव्हता. सगळ्यात मोठं काम तिथे होत असे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि जागेचा आणखी एक हिशोब होता. हे वर्कशॉप शेतावर नव्हतंच, ते गावात होतं. कोरडवाहू पट्ट्यात मृगाचा पाऊस झाला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. तिफणीचा फण त्या दिवशी तुटला तर दुरुस्ती चालत जाण्याच्या अंतरावर हवी. गावाने प्रत्येक शेतावर ऐरण न ठेवता एक माणूसच गावात 'ठेवला'. व्यवस्था म्हणून हुशारीची, पण त्या माणसाच्या बाजूने बघितलं तर तेवढी गोड नाही. मेमध्ये अख्ख्या गावाची कामं एकदम अंगावर, मोबदला ठरलेला आणि तोही पीक आल्यावर, पीक बुडालं की त्याचंही बुडालं. जातीने बांधलेलं काम, त्यामुळे त्याला सोडता येत नाही आणि दुसऱ्याला शिकता येत नाही. नांगर ज्याचा, त्याने हातोडा उचलायचा नाही. आपल्या शेतकऱ्याकडे स्वतःचं वर्कशॉप नव्हतं याचं कारण गरिबी जेवढं, तेवढंच हेही.

असो. आता जोर देणारा दुसरा भिडू: इंजिन.

नागपूरकरांना उदाहरण दूर शोधायला नको. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून मिलचं नाव 'एम्प्रेस'. आज त्या जागेवर मॉल आहे. त्या काळच्या कोणत्याही गिरणीची रचना अशी: एका ठिकाणी वाफेचं इंजिन, तिथून फिरणारे लांबच लांब लोखंडी दांडे (लाईन शाफ्ट), त्यांवर पुल्या, आणि पुलीवरून प्रत्येक यंत्रावर पट्टा. जोर एकाच ठिकाणी तयार होतो आणि पट्ट्यांवरून वाटला जातो. मग यंत्रं कुठे ठेवायची हे कामाचा क्रम एकट्याने ठरवतच नाही, शाफ्टही ठरवतो. यंत्रं शाफ्टला समांतर ओळीत, जास्त जोर खाणारी शक्यतो इंजिनाजवळ. इमारती लांबोळक्या का, तर शाफ्ट लांबोळका म्हणून.

हे फक्त मोठ्या गिरण्यांचं नाही. खेड्यातली पिठाची गिरणी आठवा. एका खोलीत डिझेल इंजिन, भिंतीतल्या भोकातून येणारा पट्टा, पलीकडे जातं. ती भोकाची जागा एकदा ठरली की पुढची तीस वर्षं जातं तिथून हलायचं नाही. हार्डकोड केलेलं कॉन्फिगरेशन म्हणा ना :)

याच काळात शेतीची अवजारंही बदलली, आणि इथे किर्लोस्करवाडी मध्ये येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ते सोडून त्यांनी बेळगावला सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडी नांगराने जमीन नासते असा लोकांचा समज होता, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगांनी भरलेला सुमारे ३२ एकरांचा माळ दिला. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला. जागा रेल्वेला लागून, हे महत्त्वाचं. नांगर आता गावात गावापुरता होणार नव्हता, तो वॅगनमधून जाणार होता.

किर्लोस्करांच्या नांगराबद्दल लिहिताना लोक बहुतेक उत्पादनाबद्दल लिहितात. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: त्याने दुरुस्ती बदलली. लाकडी नांगराचा फाळ बोथट झाला की लोहार तो तापवून, ठोकून परत टोकदार करी. कारखान्याच्या नांगराचे सुटे भाग एका मापाचे, नट-बोल्टने जोडलेले. झिजला की काढायचा आणि नवीन बसवायचा. त्यातही ओतीव लोखंडाचा भाग असेल तर तो ऐरणीवर ठोकताच येत नाही, तडकतो. म्हणजे खात्याचं शेकडो वर्षांचं कसब त्या भागापुरतं निकामी. भट्टीच्या जागी रॅक आलं, आणि सांडशीच्या जागी पाना. आधी दुरुस्तीला आग लागायची, आता लागतो तो योग्य मापाचा बोल्ट, आणि तो मिळतो तालुक्याच्या दुकानात. वर्कशॉप गावातून निघून रस्त्यावर गेलं ते असं.

या सगळ्याच्या अगदी उलट विचार आमच्या शेजारीच, वर्ध्याला झाला. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर दिलं, मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं नाव मगनवाडी पडलं. सेवाग्रामला जायच्या आधी गांधीजी स्वतः तिथे राहिले. ३० डिसेंबर १९३८ ला त्यांनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. नागपूरहून दीड-दोन तासांत जाता येतं, एकदा जाऊन याच. कुमारप्पांचं म्हणणं थोडक्यात असं की अवजार गावात तयार होण्यासारखं आणि गावात दुरुस्त होण्यासारखं हवं, नाहीतर ते अवजार गावाला बाहेरच्यांवर अवलंबून ठेवतं.

मगनवाडीत सुधारलेल्या गोष्टींपैकी एक होता तेलाचा बैलघाणा. आणि घाणा म्हणजे माझ्या मुद्द्याचं सगळ्यात सोपं उदाहरण. घाण्याची खोली किती मोठी? बैलाच्या फेऱ्याएवढी. मधे घाणा, भोवती बैलाची वाट, आणि त्या वर्तुळात दुसरं काहीही ठेवायचं नाही. जोर बैलाचा, म्हणून नकाशा गोल. मिलमध्ये जोर इंजिनाचा, म्हणून नकाशा लांबोळका. लोहाराकडे जोर हाताचा, म्हणून नकाशा हातभर.

चौथा भिडू वीज. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली आणि लाईन शाफ्ट गेला. आता यंत्र कुठेही ठेवा, वायर तिथे नेली की झालं. कारखान्यांनी याचा फायदा घेऊन यंत्रं कामाच्या क्रमाने मांडली. शेतीत हे उशिरा आलं आणि वेगळ्या वाटेने आलं. १९६५ साली महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळ झालं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने बेकार इंजिनियरांनी गावोगाव 'ॲग्रो सर्व्हिस सेंटर' काढावीत अशी योजना आणली होती (आमची पिढी बंगलोर-पुण्याला पळाली, ते वेगळं :)). २०१४-१५ पासून यांत्रिकीकरण अभियानात भाड्याने अवजारं देणारी केंद्रं आली, २०१८ पासून पोकरा प्रकल्पातून विदर्भ-मराठवाड्यात औजारे बँका आल्या. मी काटोलच्या आजूबाजूला दोन-तीन औजारे बँकांच्या शेड पाहिल्या. रोटाव्हेटर, बीबीएफ यंत्र, मळणीयंत्र सगळं ओळीत उभं. पण बेंच नाही, व्हाइस नाही, बोल्ट ठेवायला फळी नाही. पार्किंग आहे, वर्कशॉप नाही. पेरणीच्या दिवशी फण तुटला की पुन्हा तालुक्याला. पूर्वी लोहाराकडे चालत जायचो, आता पंधरा-वीस किलोमीटर जातो आणि तिथे आपल्यासारखे दहा जण आधीच उभे असतात. ढग थांबत नाहीत.

इतिहास बास, आता नकाशा. मी मोठेबाबांना लॅपटॉपवर रंगीत चौकोन दाखवायला लागलो तर त्यांनी एकच वाक्य टाकलं, "नकाशा मंग काढजो बाबू, पह्यले दार किती मोठं ते सांग." बरोबरच आहे. चाकाची धाव लोहारसाळेत मावत नव्हती, तसं आपल्याकडचं सगळ्यात मोठं काम काय? मागे अवजार जोडलेला ट्रॅक्टर. तो आत यायलाच हवा असं नाही. पण दारासमोर तो उभा राहील असं काँक्रीटचं अंगण हवं, थोडा बाहेरच्या बाजूला उतार दिलेलं, आणि त्यावर पुढे आलेलं छप्पर. दार लांब बाजूला, १४ फूट रुंद, १२ फूट उंच. तोंड उत्तरेला, म्हणजे दिवसभर सारखा उजेड आणि दुपारचं ऊन आत नाही. पश्चिमेची भिंत बंद, तिला लागून रॅक. दुपारनंतर ती भिंत तापते, तिच्याजवळ माणसापेक्षा नट-बोल्ट बरे.

वेल्डिंग पूर्वेच्या टोकाला, अर्धं आत अर्धं अंगणात. ही आपली आजची भट्टी. लोहाराला अख्खी खोली अंधारी लागायची, वेल्डरचा अंधार हेल्मेटच्या काचेत मावतो, त्यामुळे बाकी शेड हवी तेवढी उजेडाची करता येते. फक्त बाकीच्यांच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून मधे एक पत्र्याचा आडोसा. कडबा, डिझेल, रिकामे बारदाने या बाजूला अजिबात नाही.

वेल्डिंग ते बेंच हे अंतर दोन-तीन पावलं. बेंच दाराशेजारी उत्तरेच्या खिडकीखाली, व्हाइस बेंचच्या कोपऱ्यावर, म्हणजे लांब पाइप धरला तरी भिंतीला टेकत नाही. जबड्याची उंची उभ्या माणसाच्या कोपराएवढी. रोजचे पाने बेंचच्या वर फळीवर, प्रत्येकाची बाह्यरेषा काढून, म्हणजे कोणता परत आला नाही ते लांबून दिसतं. इथे लोहाराचा हातभराचा नियम जसाच्या तसा परत येतो.

विजेचं काय? बऱ्याच ठिकाणी शेतीच्या लाईनवर थ्री फेज ठरावीक तासच असते, कधी दिवसा तर कधी रात्री. म्हणजे वेळापत्रकाचा लाईन शाफ्ट अजून डोक्यावर आहेच! पण आता सिंगल फेजवर चालणारी छोटी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन मिळतात, बॅटरीचे ड्रिल मिळतात. थ्री फेज गरजेची कामं एका बाजूला, बाकीची दुसऱ्या, आणि मेन स्विच दाराशी, धावत येऊन बंद करता येईल असा. अर्थिंगमध्ये काटकसर नाही.

एक गोष्ट मात्र या शेडमध्ये ठेवायचीच नाही, ती म्हणजे कीटकनाशकं. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. जुन्या काळच्या वर्कशॉपमध्ये हा धोकाच नव्हता, त्यामुळे इतिहासातून याचा नियम मिळत नाही, आपणच करायचा. औषधांची खोली वेगळी, कुलूप लावलेली. आणि फवारणी पंप दुरुस्तीला आला की आधी बाहेर धुवायचा, मग आत. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा नाल्याकडे जाणार नाही अशी जागा त्यासाठी ठरवायची. ती नकाशावर काढली नाही तर पंप सरळ बेंचवर येतो, जिथे लोक डबाही खातात.

हे सगळं मांडून झाल्यावर उरला तो जुनाच प्रश्न. इथे काम कोण करणार? मोठेबाबा साठीच्या पुढे आहेत, मी शनिवार-रविवारचा. गावातला एक मुलगा तालुक्याला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करतो, चांगला हात आहे. मे-जूनचे दोन महिने त्याने इथे बसावं, आमचं आणि आजूबाजूच्यांचं काम करावं, कामागणिक रोख पैसे घ्यावेत, असं बोलणं चाललंय. बलुत्यातली चांगली गोष्ट, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावरची दुरुस्ती, ठेवायची. वाईट गोष्टी, म्हणजे ठरलेलं धान्य आणि नाही म्हणायची सोय नसणं, टाकायच्या. पण मग वर्कशॉप फक्त मालकाच्या सोयीचं काढून चालत नाही. त्याचं सामान ठेवायला त्याच्या कुलपाचं कपाट हवं, पंखा त्याच्या डोक्यावर हवा, आणि गिऱ्हाइकाला मालकाच्या अंगणातून न जाता येता यावं म्हणून पूर्वेला रस्त्याच्या बाजूने वेगळं फाटक हवं.

फाटकाला मोठेबाबा आधी नाही म्हणत होते. आता खर्च विचारताहेत, म्हणजे होईल असं दिसतं. मृग लागायच्या आत काँक्रीट पडलं पाहिजे, एवढीच घाई.